पोथी, परंपरा आणि प्रवराकाठची मंडळी

बेलापूर परिसरात राहणाऱ्या माणसाला ख्रिस्ती धर्माचे दोन मराठी शब्दकोश न शिकता येऊ लागतात. सप्टेंबरात शेजारच्या हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. तिला जाणारा कॅथलिक शेजारी 'मिस्सा' म्हणतो, धर्मगुरूला 'फादर' म्हणतो आणि जगभर पसरलेल्या आपल्या धर्मसमाजाला 'ख्रिस्तसभा' म्हणतो. दुसरा, प्रॉटेस्टंट शेजारी रविवारी 'उपासने'ला जातो, 'प्रभुभोजन' घेतो, अडीअडचणीला 'पाळकां'कडे धावतो आणि स्वतःला 'मंडळी'तला म्हणवतो. मी मराठीचा शिक्षक होतो आणि ख्रिस्ती नाही. त्यामुळे माझे कुतूहल धर्मापेक्षा शब्दांपासून सुरू झाले. 'ख्रिस्तसभा' आणि 'मंडळी' हे दोन्ही शब्द नव्या करारातल्या 'एक्लेसिया' या एकाच ग्रीक शब्दाचे मराठी अवतार आहेत. पण मराठी कानाला त्यांत अंतर जाणवते. सभा कोणीतरी भरवतो, तिला अध्यक्ष असतो, कामकाजाची रीत असते. मंडळी आपसांत जमते. लग्नाची मंडळी, भजनी मंडळी. एका शब्दात परंपरेचा भार आहे, दुसऱ्यात जमलेल्या माणसांचा. युरोपातला सोळाव्या शतकातला एक मोठा वाद नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत असा दोन साध्या शब्दांत मुरून बसला आहे.

त्या वादाचा गाभा असा: धर्मात अंतिम प्रमाण कोणते? लिहिलेले शास्त्र, की ते जपणारी आणि त्याचा अर्थ सांगणारी परंपरा? हा वाद मराठी माणसांनी केवळ ऐकला नाही, त्यात ते स्वतः उतरले, आणि त्यांनी दिलेली उत्तरे युरोपीय उत्तरांची नक्कल नव्हती, असे मला या लेखात दाखवायचे आहे.

वाद नेमका कशाचा

आपल्याकडच्या वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर श्रुती बलवान, हा नियम मीमांसकांनी फार पूर्वी घालून दिला. पण श्रुतीचा अर्थ कोणी लावायचा, शिष्टाचाराला प्रमाण किती मानायचे, आणि मुळात श्रुती ऐकण्याचा अधिकार कोणाला, हे प्रश्न त्या नियमाने सुटले नाहीत. ख्रिस्ती जगातही हेच घडले.

मार्टिन लूथरने 1521 साली वर्म्सच्या राजसभेपुढे आपली मते मागे घ्यायला नकार दिला. पोप आणि धर्मपरिषदा चुकू शकतात, त्यांची एकमेकांत विसंगतीही आढळते, म्हणून शास्त्राच्या आणि स्पष्ट युक्तिवादाच्या आधारे पटवल्याशिवाय मी माघार घेणार नाही, अशी त्याची भूमिका होती. पुढच्याच वर्षी त्याने नवा करार जर्मन भाषेत आणला. रोमने 1546 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेत उत्तर दिले: शास्त्र आणि प्रेषितांपासून चालत आलेल्या परंपरा, दोहोंचा स्वीकार सारख्याच आदराने करायचा. तेव्हापासून शास्त्राची व्याप्तीही वेगळी ठरली. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66.

'केवळ शास्त्र' या प्रॉटेस्टंट सूत्राचा अर्थ बाकी सारे जाळून टाका असा नव्हता. लूथर आणि कॅल्व्हिन दोघेही ऑगस्टीनसारख्या आद्य धर्मपित्यांचे आधार पानोपानी देतात. त्यांचे म्हणणे इतकेच होते की धर्मपिता असो वा परिषद, त्यांच्या निर्णयावर अपील करता आले पाहिजे आणि ते अपील शास्त्राच्या न्यायासनापुढे चालले पाहिजे.

यावर परंपरेच्या बाजूचा सर्वांत भक्कम आक्षेप इतिहासातून येतो. नव्या कराराची 27 पुस्तके कोणती हे त्या पुस्तकांत कुठेच लिहिलेले नाही. नेमकी ही 27 नावे सांगणारी, आज हाती असलेली पहिली यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने 367 साली आपल्या ईस्टरच्या पत्रात दिली. तोवर पिढ्यान्पिढ्या श्रद्धाळू जगले, काहींनी श्रद्धेपायी प्राण दिले. शिवाय पाखंडीही शास्त्रच उद्धृत करत. म्हणून 180 च्या सुमारास इरेनियसने त्यांना सुनावले होते की प्रेषितांची शिकवण हवी असेल तर ती प्रेषितांपासून अखंड चालत आलेल्या बिशपांच्या मंडळ्यांत शोधा. मग ज्या परंपरेने पोथी निवडून हाती दिली, तिलाच पोथीच्या नावाने मोडीत कसे काढायचे?

प्रॉटेस्टंट उत्तर सराफाच्या दाखल्याने समजते. सराफ सोने कसोटीवर घासतो आणि खरे म्हणून पावती देतो. म्हणून सोने त्याने निर्माण केले असे होत नाही. मंडळीने शास्त्र ओळखले, घडवले नाही. उत्तर चतुर आहे. पण सराफाची नजर तयार व्हायला पेढीवरच्या किती पिढ्या लागतात, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

आद्य मंडळीच्या इतिहासाकडे पाहण्याच्या प्रॉटेस्टंटांच्या तऱ्हाही यातूनच वेगवेगळ्या झाल्या. अँग्लिकनांनी पहिली पाचसहा शतके आदर्श मानली, बिशप ठेवले, जुने मतांगीकार, म्हणजे श्रद्धेचे ठरीव जाहीरनामे, ठेवले; मात्र ते शास्त्रातून सिद्ध होतात म्हणूनच स्वीकारायचे, असे आपल्या एकोणचाळीस कलमांत लिहून ठेवले. कॉंग्रिगेशनल पंथाच्या मते सुरुवातीची प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र होती आणि बिशपांची उतरंड मागाहून आली. आणखी टोकाच्या पंथांना चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आश्रयापासूनच सारा इतिहास घसरणीचा दिसला. नगर जिल्ह्यात 1831 साली ठाणे देणारे अमेरिकन मराठी मिशन प्रामुख्याने कॉंग्रिगेशनल होते. पुढे अँग्लिकनही आले, आणि जेझुइटांच्या मार्फत कॅथलिकही. लूथर, कॅंटरबरी आणि रोम यांच्यातला तंटा असा एकाच दुष्काळी जिल्ह्यात, शेजारच्या वाड्यावस्त्यांवर येऊन थांबला.

गोरे: पोथीकडून परंपरेकडे

या वादात शिरलेले पहिले मोठे मराठी नाव नीळकंठशास्त्री गोरे यांचे. 1825 साली जन्मलेले हे चित्पावन पंडित काशीत वाढले. मिशनऱ्यांचे खंडन करायला म्हणून त्यांनी बायबल उघडले आणि 1848 साली जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या गोरे झाले. षड्दर्शनांची चिकित्सा करणारा त्यांचा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध आहे. ज्यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली ते इव्हँजेलिकल वळणाचे, शास्त्रावर सारा भर देणारे प्रॉटेस्टंट होते. पण गोरे तिथे थांबले नाहीत. हळूहळू ते उच्च-चर्च अँग्लिकन पंथाकडे, म्हणजे संस्कारविधी, धर्मपिते आणि मंडळीचा अधिकार मानणाऱ्या बाजूकडे झुकले. 1870 साली ते दीक्षित धर्मगुरू झाले आणि कौलीच्या संन्यस्त बंधूंच्या संघाशी त्यांनी आपले आयुष्य जोडले. 1895 साली मुंबईत त्यांचा अंत झाला.

शास्त्र्याचे हे वळण मला स्वाभाविक वाटते. काशीत तयार झालेल्या माणसाला ठाऊक असते की सूत्र भाष्याविना मुके असते. एकाच ब्रह्मसूत्रातून अद्वैतही निघते आणि द्वैतही. बायबल हाती घेऊन डझनभर पंथ परस्परविरोधी अर्थ काढतात, हे दृश्य त्याला नवे नव्हते. अशा वेळी तो विचारणार: संप्रदाय कोणता, आणि त्याची गुरुपरंपरा कुठवर पोचते?

रमाबाई: परंपरेवर अपील

याच गोऱ्यांच्या लेखनाचा हात धरून पंडिता रमाबाई ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत आल्या, असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या नेमक्या उलट दिशेने निघाल्या.

त्यामागचे कारण त्यांच्या पूर्वायुष्यात आहे. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. वेद मात्र स्त्रीला वर्ज्य. कलकत्त्यात केशवचंद्र सेनांनी वेदाची प्रत हाती ठेवली तोवर त्यांनी वेद वाचलेला नव्हता. धर्मशास्त्रे वाचताना त्यांना दिसले की ग्रंथकारांचे इतर बाबतींत एकमत नाही, पण स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वावर आहे. परंपरा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रकाशित केला. तो वाचताना एक खटला चालू आहे असे वाटत राहते. अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार स्वीकारायला रमाबाई तयार नव्हत्या. त्रैक्याची ती मांडणी मला नव्या करारात दाखवा, असा त्यांचा आग्रह. बाप्तिस्मा घेतला म्हणून धर्मगुरूंच्या तोंडचा शब्दन् शब्द ईश्वराज्ञा मानायला त्या बांधील नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवून ठेवल्यावर दुसऱ्याचे मान पुढे करून घेणार नाही, हा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्यालाही त्यांचा विरोध होता. लॅटिन संस्कृतपेक्षा पवित्र कशी, हा त्यांचा प्रश्न. सिस्टर जेराल्डीन यांना यात अहंकार दिसला. बीलबाईंनी मात्र युक्तिवादाला युक्तिवादाने उत्तर दिले.

गंमत अशी की अँग्लिकन कलमांच्या काटेकोर अर्थाने रमाबाईंची मागणी नियमबाह्य नव्हती. मतांगीकार शास्त्रातून सिद्ध होतो म्हणून मानायचा, असे कलमच सांगते. मग सिद्ध करून दाखवा एवढेच त्या म्हणत होत्या. वसाहतीतून आलेल्या एका तरुण विधवेने घरच्या मालकाला घराचा नियम वाचून दाखवला, ही खरी अडचण होती.

पुढे रमाबाईंची श्रद्धा बरीच सनातन वळणाची झाली, त्रैक्यावरचा त्यांचा वाद शमला. पण पद्धत सुटली नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचा मराठी अनुवाद स्वतः केला. सामान्य बायकांना समजेल अशी भाषा हवी, म्हणून संस्कृतप्रचुर शब्द त्यांनी टाळले. छापखाना बायकांनीच चालवला. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण अनुवाद 1924 साली बाहेर आला. शास्त्र अंतिम प्रमाण असेल तर ते मधल्या माणसाविना वाचता आले पाहिजे, या सूत्राचा इतका कठोर पाठपुरावा क्वचितच कोणी केला असेल.

आजोबांचा प्रश्न

हे झाले पंडितांचे. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्या मात्र बहुतांशी महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. ज्यांच्या पूर्वजांना कुठलीच पोथी उघडायचा अधिकार नव्हता, त्यांच्यासाठी 'केवळ शास्त्र' याचा पहिला अर्थ होता शाळा. वाचता आले नाही तर त्या सूत्रात काही उरत नाही. म्हणून मिशनच्या ठाण्याबरोबर पाटीपेन्सिल आली. जोतीराव फुल्यांनी 1848 साली नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली, ती याच मिशनची. 'ज्ञानोदय' 1842 साली नगरलाच सुरू झाला.

पण वाचता येऊ लागलेला माणूस प्रश्न विचारतो, आणि पहिला प्रश्न घरातून येतो. ख्रिस्तावाचून तारण नाही असे शास्त्र सांगते, तर ज्यांनी त्याचे नावही ऐकले नाही ते माझे आजोबा कुठे आहेत? ज्या घरात पितरांना पाणी द्यायची रीत चालत आली, तिथे हा प्रश्न तात्त्विक नसतो.

हा प्रश्न रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना फार महागात पडता पडता राहिला. मुंबईत 1847 साली जन्मलेले ह्यूम 1874 पासून नगरला काम करत होते आणि 1878 साली त्यांनी तिथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. तेव्हा अमेरिकेत अँडोव्हरच्या धर्मविद्यालयातले काही प्राध्यापक म्हणत होते की ज्यांना जिवंतपणी शुभवर्तमान ऐकायला मिळाले नाही, त्यांना मरणोत्तर संधी मिळू शकेल. रजेवर गेलेल्या ह्यूम यांनी 1886 साली या विचाराला सहानुभूती दाखवली, आणि त्यांच्याच मिशन बोर्डाच्या समितीने त्यांना परत पाठवणे रोखले. बरीच खळबळ झाल्यावर 1887 साली त्यांना परवानगी मिळाली.

या प्रकरणात शास्त्र आणि परंपरा यांची नेहमीची ठिकाणे अदलाबदल झालेली दिसतात. केवळ शास्त्र मानणारे बोर्ड प्रत्यक्षात आपल्या पंथाची रूढ शिकवण राखत होते. उलट मरणोत्तर संधीचा विचार पेत्राच्या पहिल्या पत्रातल्या, ख्रिस्ताने बंदिवासातील आत्म्यांना घोषणा केली या कूट वचनाकडे बोट दाखवत होता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने त्या वचनाचा तसाच उदार अर्थ लावला होता. ऑगस्टीनने तो अर्थ नाकारला आणि पश्चिमेत त्याचे मत रुजले. म्हणजे नगरच्या मंडळीतल्या दुःखाला आद्य मंडळीत एक जुना साक्षीदार होता. पश्चिमी रूढीने त्याला मागच्या बाकावर बसवले होते. परंपरा एकवचनी नसते, हे यातून शिकण्यासारखे.

टिळक: आपलाच जुना करार

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हा धागा पुढे नेला. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सुरुवात शुद्ध प्रॉटेस्टंट: एकटा माणूस आणि पुस्तक. पण हा माणूस एकटा नव्हता. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. मराठी संतांची वाणी त्यांना जुन्या कराराच्या जागी होती.

परदेशी सहकाऱ्यांना हे धाडस वाटले, पण आद्य मंडळीला ते परके नव्हते. दुसऱ्या शतकातल्या जस्टिनने लिहिले होते की शब्दाचे, लोगोसचे, बीज साऱ्या मानवजातीत पेरलेले आहे, म्हणून सॉक्रेटिससारखे लोकही एका अर्थी ख्रिस्ताचेच. जस्टिनने ग्रीकांसाठी जे केले ते टिळकांनी वारकऱ्यांसाठी केले. 1917 साली त्यांनी मिशन सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त यावेत असा बेत होता. पाश्चात्त्य पंथांच्या भिंती ओलांडून पहिल्या शिष्यांच्या साधेपणाकडे जायचे, आणि जायचे भजन-कीर्तनाच्या वाटेने. दोन वर्षांतच, 1919 साली, ते गेले. दरबार टिकला नाही. टिकली ती गाणी. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांच्या पदांनी 'उपासना संगीत' भरले. आज पेटी-तबल्यावर ती पदे म्हणणाऱ्या मंडळीला ती परंपरा वाटते, आणि ती आहेच. परंपरा नाकारणाऱ्यांनी शंभर वर्षांत स्वतःची परंपरा घडवली.

शब्द निवडणे म्हणजे बाजू घेणे

शास्त्र लोकभाषेत आणणे या काठाला नवे नव्हते. प्रवरेच्याच तीरावर, नेवाशाला, ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीता मराठीत सांगितली. पण भाषांतर कधी निःपक्ष नसते. विल्यम केरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून 1811 साली मराठी नवा करार निघाला. अमेरिकन मिशनचा 1826 साली मुंबईत. प्रत्येकाला काही शब्दांपाशी थबकावे लागले. 'एपिस्कोपोस' म्हणजे बिशप की देखरेख करणारा? प्रॉटेस्टंट मराठी बायबलने 'अध्यक्ष' म्हटले आणि 'प्रेस्बिटेरोस'ला 'वडील'. दोन शब्दांत धर्मगुरूंची उतरंड सपाट झाली. 'बाप्तिस्मा' हा शब्द तर भाषांतरित न करताच ठेवला. त्याचे कारण बंगालात दिसते. तिथल्या बॅप्टिस्टांनी 'बुडवणे' या अर्थाचा शब्द वापरला, तेव्हा पाणी शिंपडणाऱ्या पंथांची पंचाईत नको म्हणून लंडनच्या बायबल सोसायटीने 1830 च्या दशकात मदत नाकारली. 'केवळ शास्त्र' म्हणणारा वाचक शास्त्र उघडतो, तेव्हा भाषांतरकारांची परंपरा त्याच्या आधी आत जाऊन बसलेली असते.

मग सूत्र खोटे ठरते का? मला तसे वाटत नाही. गोऱ्यांचा मुद्दा खरा आहे: पोथी एकटी कधी नसते. ती कोणीतरी निवडलेली, जपलेली, भाषांतरलेली, चालीवर म्हटलेली असते. पण रमाबाईंचाही मुद्दा तितकाच खरा आहे: परंपरेला प्रश्न विचारायचा तर हातात असे काही हवे जे तिच्याही वरचे आहे, असे ती स्वतः कबूल करते. वेद न वाचू दिलेल्या बाईला आणि वेशीबाहेरच्या माणसाला हा अपिलाचा हक्क किती मोलाचा, हे गुरुपरंपरेत सुखाने वाढलेल्याला सहज उमगणार नाही.

दोन्ही बाजू मधल्या काळात जवळही आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्यातून वाहतात असे सांगून श्रद्धाळूंना बायबल वाचायला उत्तेजन दिले. मिस्सा मराठीत आली. इकडे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि बिशपच नको म्हणणाऱ्या कॉंग्रिगेशनल पूर्वजांची नातवंडे अँग्लिकनांबरोबर बिशपांच्या देखरेखीखाली आली. हा बिशप मात्र घटनेने बांधलेला, मंडळीला जाब देणारा. 'अध्यक्ष' या जुन्या भाषांतरातली इच्छा अशी बऱ्याच उशिरा, थोड्या वेगळ्या रूपात, अमलात आली.